केळफूल, डोण आणि दयाळ

मालवणच्या किनारपट्टीवर वसंत मागीलदारी येतो. पुढचं खळं सारवलेलं, मोकळं, उन्हाने तापलेलं. तिथे कावळे आणि दोन-चार चिमण्या सोडल्या तर फारसं कुणी थांबत नाही. मागे मात्र मोरीचं पाणी पाटाने केळीच्या आळ्यात जातं, तिथून अळवात मुरतं. कढीलिंबाखालचा पाचोळा ओलसर राहतो. गडग्याला लागून पांगारा असतो, त्याच्यावर मिरीचा वेल चढवलेला असतो. फेब्रुवारी ते मे या काळात सड्यावरचं गवत करपून जातं आणि पाखरांना जे जे हवं ते या एवढ्याशा जागेत एकवटतं. पक्षी बघायला नव्याने शिकणाऱ्याने दुर्बीण घेऊन आंबोलीला धावण्याआधी मागल्या पडवीच्या पायरीवर बसावं, असं मला मनापासून वाटतं. आंबोली कुठे पळून जात नाही, आणि पायरीवर जे कळतं ते घाटात फिरताना कळत नाही. एकच पक्षी, एकाच जागी, एकच काम पुन्हा पुन्हा करताना दिसला की त्याच्या हालचालींमागची कारणं उलगडू लागतात. माझ्या लेखी पक्षी बघण्याचा रस त्या कारणांत आहे. नाव कळणं ही त्याची फक्त ओळख.

युरोप-अमेरिकेत परसात दाण्यांचे डबे टांगतात, त्यामागे तिथला हिवाळा आहे. बर्फाखाली अन्न गाडलं जातं, दिवस लहान होतात, आणि टांगलेल्या मूठभर बियांवर पाखरू रात्र काढतं. आपल्याकडचा हिशेब निराळा. काजूची बोंडं, करवंदं, जांभळं, फणस, रतांबे यांची रेलचेल नेमकी या दिवसांत असते. कमी पडतं ते पाणी. जांभ्या दगडात पावसाचं पाणी टिकत नाही. एप्रिल सरता सरता विहिरींचे तळ दिसू लागतात आणि व्हाळ नुसत्या दगडगोट्यांचे उरतात. म्हणून इथल्या मागीलदारी पाखरांसाठी मांडायचं ते एक फूल आणि एक पाण्याचं भांडं. पूर्वी तांदळाच्या कण्याही आपसूक मिळायच्या, सूप पाखडलं की खळ्यात सांडायच्या. भात गिरणीवर जाऊ लागलं आणि चिमण्यांचा तो वाटा गेला. कण्या टाकायच्याच तर मूठभर टाकाव्यात, फरसाण किंवा मीठ घातलेला भात नको. बाजारात मिळणाऱ्या साखरपाण्याच्या लाल बाटल्या मला मुळीच नकोत. त्या मूळच्या हमिंगबर्डसाठी घडवलेल्या, आणि हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर कुठेही नाही. आमच्या उकाड्यात साखरपाणी बघता बघता आंबतं. केळीकडे याहून सरस व्यवस्था आहे.

केळफुलाची रचना आधी नीट पाहून घ्यावी, मग त्यावर येणाऱ्या पाखराचं वागणं समजतं. केळीच्या पोटातून निघालेला दांडा वाकतो आणि टोकाला जांभळट तांबडं केळफूल लोंबू लागतं. पहिल्या पाकळ्यांखालच्या फुलांच्या फण्या होतात. फण्या धरून संपल्या तरी केळफुलाचं काम थांबत नाही. साधारण दिवसाआड एक पाकळी सुटते, उचलली जाते, मागे वळते आणि तिच्याखाली पिवळसर पांढऱ्या फुलांची दुहेरी ओळ उघडी पडते. ही नर फुलं, त्यांना केळं धरत नाही, पण मध भरपूर. रात्री वटवाघळं येतात, सकाळी मधमाश्या, खारी आणि शिंजीर. दोन-तीन दिवसांत ती पाकळी गळून पडते, तोवर तिच्या आतली सुटलेली असते. एकाच दांड्यावर आठवडेच्या आठवडे ताजं पान वाढलं जातं.

शिंजीर थेट फुलावर येत नाही. आधी केळीच्या फाटक्या पानाच्या कडेवर बसतो, अंग दोन्हीकडे वळवतो, च्विक् च्विक् असा बारीक आवाज काढतो. मग खाली सरकून वळलेल्या पाकळीची कड पकडतो आणि डोकं खाली करून लटकतो. आता चोच बघायची. ती खाली वाकलेली आहे, आणि केळीचं फूलही किंचित वाकलेलं. उलटा लटकल्यावर दोन्ही वाक एकमेकांना जुळतात. तो ओळीच्या एका टोकाकडून सुरुवात करतो, काही फुलांत चोच घालतो, काही नुसती ओलांडतो. चोच आत गेली की गळा हलताना दिसतो, कारण पिण्याचं काम नळीदार जीभ करते. हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं, दुर्बीण लागत नाही. लागतो तो वेळ. पिऊन झालं की चोच देठावर दोन्ही बाजूंनी घासायची, आणि मग पानाच्या पाठीमागे जाऊन बारीक कोळी, किडे टिपायचे. हा दुसरा भाग नवशिक्याच्या नजरेतून हमखास सुटतो, कारण शिंजीर म्हणजे मध हे आपण धरूनच चाललेलो असतो. पण वसंतात घरट्यात पिल्लं असतात आणि मधावर पिल्लं वाढत नाहीत. त्यांना किडा लागतो. चोचीत काहीतरी धरून शिंजीर पुन्हा पुन्हा एकाच दिशेला जात असेल तर त्या दिशेला घरटं आहे.

ते शोधावं, पण हात लावू नये, जवळ जाऊन उभंही राहू नये. कढीलिंबाच्या फांदीला, कधी कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला, कोळिष्टकात कचरा अडकून लोंबावा तसं ते दिसतं. सालपटं, सुकलेल्या पानांचे तुकडे, सुरवंटाची विष्ठा, आणि हे सगळं बांधून ठेवणारे कोळ्याचे धागे. बाजूला तोंड, आणि तोंडावर पुढे आलेलं छोटं छप्पर. कोकणातल्या घराची पावळी आणि हे छप्पर एकाच कामाचं, पाणी आत येऊ नये म्हणून. बांधकाम मुख्यतः मादी करते. मादी साधी, वरून करडी-तपकिरी, खालून पिवळट. नवशिके तिच्याकडे बघत नाहीत आणि मोठा भाग गमावतात.

नरांविषयी थोडं सावकाश सांगायला हवं, कारण गोंधळ तिथेच होतो. घराजवळ नेहमी दिसतो तो पिवळ्या पोटाचा, छातीवर तांबूस पट्टा, डोक्यावर हिरवी चमक आणि कमरेवर जांभळी. दुसरा जांभळा शिंजीर, विणीच्या दिवसांत सगळाच गडद. तिसरा लोटनचा शिंजीर, जांभळ्यासारखाच दिसणारा, पण चोच लांब आणि जास्त वाकलेली. या चमकेत रंगद्रव्य नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो तेव्हा ती दिसते. त्यामुळे उन्हाविरुद्ध बघितलं तर तिन्ही काळे ठिपके वाटतात. सकाळी, ऊन आपल्या पाठीमागून येत असताना केळीकडे बघावं. तोच पक्षी मान वळवता वळवता काळ्याचा निळा, निळ्याचा जांभळा होतो. दिवाळीच्या सुमारास जांभळा शिंजीर पुन्हा बघावा. विणीचा पोशाख उतरलेला असतो, अंग मादीसारखं पिवळट, आणि गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ. वसंतात ज्याने त्याला मनापासून पाहिलंय त्याला ती रेघ दिसल्यावर कोण आनंद होतो.

आता घरात एक वाद उभा राहतो. फण्या धरून झाल्या की केळफूल कापायचं, ही आमच्याकडची रीत. "केळफूल कापूक होया रे, नायतर घड पोसाचो नाय," असं वडीलधाऱ्या बायका सांगतात आणि त्या चूक नाहीत. दांड्यातलं बळ घडाकडे जावं हा त्यामागचा विचार. शिवाय केळफुलाची भाजी, ताकात भिजवून कडवटपणा काढलेली, काळे वाटाणे आणि ओलं खोबरं घातलेली, ही सोडवत नाही. माझं म्हणणं इतकंच की आळ्यात चार केळी असतील तर तिघींची केळफुलं स्वयंपाकघरात जावीत आणि पायरीवरून दिसणारं चौथं राहू द्यावं. घड थोडा कमी भरेल. मला तो सौदा पटतो.

केळीवरून नजर आंब्यावर न्यावी. रायवळ आंब्याच्या फांदीवर बांडगूळ असतंच, नारिंगी-तांबड्या नळीसारख्या फुलांचं. देवगडच्या हापूस बागायतदाराचा तो वैरी. झाडाचा रस शोषतो म्हणून कोयत्याने छाटून काढतात. याच बांडगुळावर पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी 1931 साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. विषय होता कोकणात बांडगुळाचा प्रसार करण्यात शिंजीर आणि फुलटोचे यांचा वाटा. मला हा निबंध फार मोलाचा वाटतो, कारण त्याचं रंगस्थळ कुठलंही अरण्य नाही, माणसांनी लावलेलं आंब्याचं झाड आहे. बांडगुळाची तयार कळी मिटलेलीच राहते. पाखराने टोकाशी चोचीने दाबलं की ती फटकन उघडते आणि पराग त्याच्या कपाळावर उडतात. पुढे फळं पिकली की फुलटोचा येतो. हा आठ सेंटिमीटरचा, मातकट करडा, गुलाबीसर चोचीचा जीव, आपल्याकडच्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. दिसण्याआधी त्याची टोकदार चिक् चिक् ऐकू येते. तो फळ गिळतो, गर पचतो, आणि चिकट बी पटकन बाहेर येतं. ते इतकं चिकट असतं की सहज सुटत नाही, म्हणून तो फांदीवर अंग तिरकं करून बूड घासतो. बी फांदीला चिकटतं आणि तिथेच रुजतं. ती एक तिरकी हालचाल डोळ्यांनी पाहिली की फांदीवरचं बांडगूळ तिथे कसं आलं हे समोर उलगडतं. बागायतदाराची तक्रार खरी आहे आणि त्याने बाग राखलीच पाहिजे. परसातल्या रायवळाला एक-दोन बांडगुळं सोसतात.

सालिम अलींचं नाव निघालंच आहे तर किहीमची गोष्ट सांगायला हवी. 1930 च्या पावसाळ्यात ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते, हातात नोकरी नव्हती, आणि घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडीवर आडोसा करून घरट्यांच्या उंचीला बसायला जागा केली आणि रोज बघत राहिले. त्यातून जे कळलं ते तोवर नीट कुणाला ठाऊक नव्हतं: नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर राहते, आणि मग नर ते पुरं करून दुसऱ्या मादीसाठी दुसरं विणायला घेतो. एक झाड, एक शिडी. 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' हे त्यांचं पुस्तक त्यानंतर, 1941 साली आलं.

पाण्याकडे वळू. विहिरीशेजारी जुनी दगडी डोण असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर मातीचं पसरट भांडं पुरतं. पाणी दोन-तीन बोटं खोल, मध्ये एक खडबडीत जांभा दगड, जेणेकरून फुलटोच्याएवढ्या जिवालाही पाय टेकता यावा. रोज पाणी बदलायचं, डासांसाठी आणि कावळ्यासाठी. कावळा चुलीमागून उचललेला भाकरीचा तुकडा, बांगड्याची मुंडी, जे मिळेल ते आणून पाण्यात बुडवतो, मऊ करून खातो आणि उरलेलं तिथेच टाकतो. त्याच्या बुद्धीचं कौतुक करावं आणि भांडं घासावं. भांडं झुडपाला चिकटून ठेवू नये. मालवणात मासे मागीलदारी साफ होतात, म्हणून मांजर मागीलदारी असतंच. झुडपापासून दोन-तीन पावलं मोकळी जागा असली तर पाखराला ते येताना दिसतं.

डोणीवर पिण्याच्या तऱ्हा बघाव्यात. बुलबुल चोचीत थेंब घेतो, मान वर करतो, थेंब घशात उतरू देतो, पुन्हा वाकतो. सातभाई तसंच करतात. होला येतो तेव्हा वेगळं घडतं. तो चोच पाण्यात बुडवतो आणि मान न उचलता एका दमात शोषून घेतो. कबुतराच्या कुळाची ही रीत. एकदा लक्षात आलं की दूरवर नुसती आकृती दिसत असली तरी पिण्यावरून होला ओळखता येतो. सातभाई कळपाने येतात, गलका करतात, एक जण मात्र फांदीवर पहाऱ्याला थांबतो. तो अचानक ओरडला आणि क्षणात सगळे झुडपात दडले तर वर बघावं: शिक्रा गेलेला असेल. शिंजीर डोणीवर क्वचितच उतरतो. अळवाला पाणी घातलं की पानावर साचलेल्या पाण्यात तो अंग घासत, घसरत आंघोळ करतो. हे बघायचं असेल तर सकाळी पाणी घालून लगेच दूर व्हावं.

डोणीवरची उत्तम वेळ सूर्य मावळतानाची. उजेड उतरल्यावर सावलीतले पक्षी बाहेर येतात. नाचण येतो, शेपटीचा पंखा उघडमीट करत, एका जागी क्षणभरही न टिकता. पाचोळ्यातून नारिंगी डोक्याचा कस्तूर दोन उड्या मारून थांबतो, ऐकतो, पुन्हा दोन उड्या. मार्च उलटायच्या आत असेल तर स्वर्गीय नर्तक दिसू शकतो. तो काठावर उतरत नाही. फांदीवरून सूर मारतो, पाण्याला अंग लावतो, परत त्याच फांदीवर, पुन्हा सूर. पांढऱ्या नराची लांब शेपूट प्रत्येक सुराबरोबर त्याच्या मागोमाग वळते. मे येईतो तो किनाऱ्यावरून निघून गेलेला असतो, विणीच्या मुलखाला.

पांगारा शिमग्याच्या आगेमागे पानं झाडून लालभडक होतो आणि त्यावर साळुंक्या, कोतवाल, पर्णपक्षी, पोपट, सगळे गर्दी करतात. तो देखावा सुंदर, पण त्या गलक्यात नवशिक्याला एकेकाचं वागणं धरता येत नाही. मी तो दुरून बघून घेतो. अशी गर्दी यादी करणाऱ्याच्या कामाची, आणि इथे याद्या करण्याची रीत जुनी आहे. जी. डब्ल्यू. विडाल या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली सविस्तर यादी 1880 साली ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' या पक्ष्यांविषयीच्या नियतकालिकात छापली. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. वेगळा जिल्हा 1981 मध्ये झाला. आज ज्याला यादीत भर घालायची आहे त्याला फेब्रुवारीत होणारी 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही गणना सोयीची आहे. 2013 पासून भारतातले लोक तिच्यात भाग घेतात आणि किमान पंधरा मिनिटं एका जागी बसून मोजलं तरी चालतं. नोंद करावी, तिचा उपयोग आहे. फक्त पंधरा मिनिटं झाली म्हणून उठू नये.

आणि आता दयाळ. मालवणच्या वसंताचा खरा गवई हाच, कोकीळ नव्हे. कोकिळाचा आवाज मोठा आणि चढत जाणारा, पण एकाच धर्तीचा. दयाळाचं गाणं ऐकायला पहाटे उठावं लागतं, माडांच्या झावळ्या आभाळावर नुसत्या काळ्या दिसत असताना. तो उंच आणि उघडी जागा निवडतो, माडाचा शेंडा, घराचं आढं, डिश अँटेना. काळा-पांढरा नर, शेपूट वर केलेली. पहिली ओळ चार-पाच शिळांची, स्वच्छ, शेवटचा स्वर उचललेला. मग थांबा. या थांब्याकडे कान द्यावा, कारण त्यात पलीकडच्या आवाटातला दुसरा दयाळ उत्तर देतो. पहिला पुन्हा तीच ओळ घेतो, पण मधला एक स्वर बदलतो, किंवा शेवट उचलण्याऐवजी खाली आणतो. तिसऱ्या वेळेला ओळ लांबते. मध्येच कोतवालाचा किंवा शिंपी पक्ष्याचा एक तुकडा त्याच्या गाण्यात शिरतो, इतका हुबेहूब की मूळ पक्षी कुठे आहे म्हणून आपण शोधू लागतो. मोबाइलवरचं मर्लिन ॲप अशा तुकड्यावर भलतंच नाव दाखवू शकतं. ते बाजूला ठेवून दोन्ही दयाळांचे सवाल-जबाब ऐकावेत. कोण आधी थांबतो, कोण दुसऱ्याची ओळ संपायच्या आत आपली सुरू करतो, कोण शेंडा सोडून हद्दीच्या गडग्याजवळ येऊन गातो. गाणं हद्दीसाठी आहे आणि मादीसाठी आहे. ते कळल्यावर त्याची गोडी वाढते, कारण प्रत्येक बदललेल्या स्वराला आता ऐकणारा कोण आहे हे आपल्याला ठाऊक असतं. हाच पक्षी दिवसा स्कूटरच्या आरशातल्या आपल्या प्रतिबिंबावर चोच मारत बसलेला दिसतो. त्याच्या लेखी तिथेही परका दयाळच आहे.

मादी करडी, जिथे नर काळा तिथे ती राखी. घरटं ती चिऱ्याच्या भिंतीतल्या फटीत किंवा झाडाच्या ढोलीत करते, आणि नर जवळपास गात राहतो. पिल्लं झाली की दोघं किडे आणू लागतात आणि गाणं विरळ होत जातं. पावशा ओरडू लागतो, मृग लागतो, अंडी कावळ्याच्या घरट्यात घालून मोकळी झालेली कोकिळा दिसेनाशी होते, आणि जुलैपासून दयाळाची ती लांब ओळ ऐकू येत नाही. पक्षी गेला असं अनेकांना वाटतं. तो तिथेच असतो, केळीच्या आळ्यात, ओल्या मातीत किडे वेचत. गाण्याऐवजी आता कोरडा, खरखरीत चर्र करतो, आणि तो आवाज पावसात ओळखू आला तर पायरीवरच्या बैठकीचं काम पुढे चालू आहे.